महिलांची कॅन्सर तपासणी आणि आपली वस्ती
(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या दिवशी कॅन्सरचं नाव काढायचं की नाही, यावर आमच्या मंडळाच्या दोन बैठका झाल्या. आनंदाच्या दिवशी असलं बोलू नये, असं काहीजणींचं म्हणणं पडलं. परंतु मागच्याच वर्षी याच सभागृहात आपल्या एका ताईंच्या पुण्यानुमोदनाला आपण बसलो होतो. पाळी जाऊन कैक वर्षं झाली, तरी त्यांना डाग पडत होते. अंगावरून जात होतं. दर पौर्णिमेला त्या आमच्या शेजारी बसायच्या. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. दवाखान्यात गेल्या तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पुढे गेलेला होता. म्हणून बोलायचं ठरलं.

हा आजार एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात टिकून राहिला, तर पिशवीच्या तोंडाशी बदल होत होत कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या काळात बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच त्रास नसताना तपासायचं असतं. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना, त्यातलंच आम्ल पातळ करून कापसाने तिथे लावतात. मिनिटभराने पांढरा चट्टा दिसतो का ते बघतात. चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ.

ही तपासणी आपल्याच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सिद्ध झालेली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ साली वस्त्यांचे वीस भाग पाडून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या मुली-बायका होत्या. जिथे दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. उरलेल्या दहा भागांत मात्र फक्त माहिती सांगितली, तपासणी दिली नाही. गरीब बायकांना असं ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. त्या बायकाही आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या. पण एवढी किंमत देऊन जे समजलं, ते तरी आपल्या पदरात पडलं का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

आता आमचीच चूक सांगतो. पावसाळ्यानंतर आम्ही इथे शिबिर ठेवलं. नावं भरपूर लिहून घेतली. निम्म्यासुद्धा आल्या नाहीत. आम्हाला राग आला, "बायकांना स्वतःच्या जिवाची पर्वा नाही" असंही बोलून गेलो. मग घरोघर फिरलो तेव्हा उलगडा झाला. शिबिराची वेळ सकाळी दहाची. धुणीभांड्याची चार घरं असलेली बाई दहाला कशी येणार? एक खाडा झाला की पगारातून पैसे जातात. एक मावशी म्हणाल्या, "पोरी, लाज वाटते गं, डॉक्टर बाप्या असला तर?" आणि एकीने तर सरळ विचारलं, "निघालं काही, तर खर्च कोण करणार? त्यापेक्षा न कळलेलं बरं." याला अज्ञान म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

दुसऱ्या खेपेला संध्याकाळी सातची वेळ ठेवली. तपासायला सिस्टर आणि बाई डॉक्टरच हव्यात असं आधीच ठरवून घेतलं. समितीने सभागृहाच्या मागची खोली दिली, पडदा लावला. तोंड आणि स्तनही त्याच वेळी तपासले. सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे तीस वर्षांनंतर या तिन्ही तपासण्या दर पाच वर्षांनी व्हायच्या असतात. मिश्री लावणाऱ्यांनी तोंड दाखवायचं चुकवू नये. (आमच्यातल्या एकीची मिश्री अजून सुटलेली नाही, हे इथे कबूल केलेलं बरं.) या वेळी खोलीबाहेर रांग लागली.

बंधूंनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. "तुला काय झालंय, कशाला जातेस?" असं घरात म्हणू नका. त्या दिवशी पोरांना तुम्ही जेवू घाला.

काम अजून अर्धंच झालंय. दोघींना मोठ्या दवाखान्यात पुढची तपासणी सांगितली आहे. चिठ्ठी घेऊन एक भगिनी एकटी गेली. तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं, दुपार झाली, कामावरून फोन यायला लागले, तशी ती परत आली. नुसती तपासून सोडली तर त्या तपासणीचा उपयोग काय? लवकरचे बदल थंड किंवा गरम उपचाराने बाहेरच्या बाहेर काढता येतात, पण बाईला तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे.

तेव्हा सोमवारी आमच्यापैकी दोघीजणी त्यांच्याबरोबर जाणार आहोत. केसपेपरची रांग लवकर लागते. साडेसहाला विहाराच्या पायरीपाशी जमायचं, चहा आम्ही आणतो. ज्यांची पहिलीच तपासणी राहिली आहे, त्यांनी आज खीर घेताना नाव सांगावं. वहीत नाव, वय आणि कामावरून सुटण्याची वेळ लिहून घेऊ.