सोन्याचा शोध आणि शोधाचा परवाना

मुंग्यांनी भूमीतून उकरून काढलेल्या सोन्याचा उल्लेख महाभारताच्या सभापर्वात आहे. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात उत्तरेकडील पर्वतीय लोकांनी ते भेट म्हणून आणले आणि मुंग्यांच्या नावावरून त्याला ‘पिपीलिक’ म्हणत, असे तेथे सांगितले आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेही भारतातील मुंग्यांची अशीच कथा लिहून ठेवली. मात्र त्याच्या मुंग्या कोल्ह्याहून मोठ्या आणि कुत्र्याहून किंचित लहान होत्या! ही कथा दोन सहस्र वर्षे विद्वानांच्या थट्टेचा विषय होती. पण पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात, ज्याला सॅव्हाना म्हणतात तेथे, आजचा भूशास्त्रज्ञ खरोखरच वारुळापाशी थांबतो आणि त्याची माती पिशवीत भरून प्रयोगशाळेकडे धाडतो. वाळवी आपल्या घरासाठी खोलवरची माती कण कण करून वर आणते. त्या मातीत सोन्याचा अंश असेल, तर खाली काय आहे याची पहिली वार्ता तीच देते.

घानाच्या उत्तरेस बोलगाटांगा आणि वा या नगरांच्या परिसरात हा प्रदेश पसरलेला आहे. दक्षिणेकडील घनदाट अरण्य येथे संपलेले असते. उंच गवत, विखुरलेले शियाचे वृक्ष, मधूनच एखादी प्रचंड गोरखचिंच, ज्वारी-बाजरीची शेते, आणि पावसाळा वर्षातून एकदाच. हिवाळ्यात सहारा वाळवंटाकडून हरमाटन नावाचा कोरडा वारा धूळ घेऊन येतो. संशोधकांचा हंगाम हाच. कारण पावसात वाटा चिखलात बुडतात आणि शेते पिकांनी भरलेली असतात.

पश्चिम आफ्रिकेचे सोने जगाला नवे नाही. १३२४ साली माली साम्राज्याचा सम्राट मन्सा मुसा मक्केच्या यात्रेला जाताना कैरोत थांबला. त्याने तेथे इतके सोने वाटले, की त्या बाजारात सोन्याचा भावच उतरला. ते सोने बांबुक आणि बुरे या प्रदेशांतून येई आणि उंटांच्या तांड्यांवरून वाळवंट ओलांडून जाई. पुढे युरोपीय लोकांनी ज्या किनाऱ्याला ‘गोल्ड कोस्ट’ म्हटले, तोच देश १९५७ साली स्वतंत्र होऊन घाना झाला.

या साऱ्या सोन्याचे मूळ सुमारे २१० ते २२० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आहे. गोल्ड कोस्टच्या भूशास्त्र खात्याचे पहिले संचालक अल्बर्ट किटसन यांनी बिरिम नदीवरून त्यांना ‘बिरिमियन’ हे नाव दिले. कवचाच्या हालचालींनी या खडकांना भेगा पडल्या. खोलवरचे तप्त, खनिजयुक्त पाणी त्या भेगांतून वर चढले आणि गारेच्या शिरांमध्ये सोने मागे ठेवून गेले. पण पृष्ठभागावर यातले काहीच दिसत नाही. युगानुयुगांच्या ऊन-पावसाने खडक कुजून त्याची दहादहा मीटर जाडीची माती झाली, आणि तिच्यावर अनेक ठिकाणी तांबडे कवच बसले. कोकणातील माणसाने ते पाहिले, तर तो म्हणेल, हा तर आमचा जांभा! सोन्याच्या शोधकाची पहिली झुंज या कवचाशी असते.

मात्र झुंजीला आरंभ करण्यापूर्वी हाती परवाना हवा. घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेप्रमाणे भूमीतील खनिजे राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन आहेत, परंतु जनतेचे विश्वस्त म्हणून. २००६ च्या खनिज कायद्याने शोधाच्या परवान्याला निश्चित मर्यादा घातल्या. २१ हेक्टरांचा एक चौकोन, असे अधिकात अधिक ७५० सलग चौकोन, म्हणजे सुमारे १५७ चौरस किलोमीटर. आणि आरंभी अधिकात अधिक ३ वर्षे. मुदत वाढवून घेताना निदान निम्मे क्षेत्र सोडून द्यावे, असेही त्यात सांगितले. यामागील न्याय सरळ आहे. ज्याला शोधायचे नाही त्याने भूमी अडवून बसू नये. हा परवाना सोन्याचा नव्हे. तो केवळ प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. खाण चालवायची तर निराळा पट्टा घ्यावा लागतो.

प्रश्न विचारण्याची रीतही क्रमाची आहे. प्रथम ओढ्यानाल्यांतील गाळ तपासतात. जेथे अंश लागतो, तेथे भूमीवर ओळी आखून ठराविक अंतरावर मातीचे नमुने घेतात. या मातीत सोने अब्ज भागांत काही थोडे भाग एवढेच असते. तो आकडा ५० किंवा १०० वर चढला, तर नकाशावर खूण होते. सोन्याच्या सोबतीला अनेकदा सोमल असतो, म्हणून त्याचाही माग काढतात. मग चर खणतात, आणि शेवटी छिद्रयंत्र येते. त्यातून निघालेला खडकाचा दंड उभा चिरून अर्धा भाग पेटीत जपून ठेवतात, अर्धा दळून मुशीत घालतात. वितळलेले शिसे सोन्याला आपल्यात ओढून घेते. पुढे सच्छिद्र वाटीत शिसे जिरून जाते आणि टाचणीच्या डोक्याहूनही लहान मणी मागे उरतो. त्याच्या वजनावरून खडकाचा कस ठरतो. नमुन्यांच्या रांगेत काही पिशव्या मुद्दाम सोने नसलेल्या आणि काही ज्ञात कसाच्या घालतात, म्हणजे प्रयोगशाळेची चूक आणि माणसाची लबाडी दोन्ही उघडी पडतात.

इतके करून खडकात टनामागे २ ग्रॅम सोने निघाले, तर शोधकाला आनंद होतो. म्हणजे एका तोळ्यासाठी जवळजवळ ६ टन खडक फोडावयाचा! आणि बहुसंख्य परवान्यांच्या अखेरीस खाण होतच नाही. नकाशे, नमुने आणि ‘येथे पुरेसे नाही’ हे उत्तर, एवढेच हाती राहते.

परंतु ज्या भूमीला हा प्रश्न विचारायचा, ती निर्जन नसते. अक्रा राजधानीत कागदावर शिक्का उठला, तरी तालेन्सी लोकांच्या गावात भूमीचा पुजारी असतो. त्याला तेंडाना म्हणतात. त्याची संमती न घेता कुदळ मारणे हा तेथे अधर्म होय. चराच्या आड येणारा शियाचा वृक्ष एखाद्या स्त्रीचा वर्षाचा आधार असतो, कारण त्याच्या बियांचे तेल काढून ती मिठामिरचीचा खर्च भागवते. पिकांची आणि भूमीच्या वापराची भरपाई कायद्याने मान्य केली आहे. पण वीस वर्षांचे झाड भरपाईच्या रकमेने वीस वर्षांचे होत नाही.

शिवाय सोने तेथे आहे हे पुष्कळदा आधी ठाऊक असते ते गावकऱ्यांनाच. आपल्याकडे कोलारच्या खाणीही प्राचीन खोदकामांचा माग घेतच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पुन्हा उघडल्या. २००१ साली त्या बंद झाल्या. सराफाच्या दुकानातील धूळ धुऊन सोने वेचणारा झारेकरी ज्याने पाहिला आहे, त्याला ओढ्याकाठी परडी फिरवणारा आफ्रिकी माणूस परका वाटणार नाही. १९८९ साली घानाने छोट्या खाणकामाला कायदेशीर मान्यता दिली. तरी विनापरवाना खोदणारे असंख्य राहिले. त्यांना ‘गालामसे’ म्हणतात. ‘गोळा करा आणि विका’ या इंग्रजी शब्दांचाच तो अपभ्रंश. ते पारा वापरतात, आणि तो नदीत उतरतो. नायजेरियाच्या झाम्फारा प्रांतात तर सोन्याच्या खडकात शिसे होते. घरोघरी तो दळला गेला, आणि २०१० साली त्या धुळीने निदान ४०० मुलांचा बळी घेतला. ज्ञान गावकऱ्यांपाशी होते. पण खडकात सोन्याबरोबर आणखी काय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

भूशास्त्रज्ञाच्या पिशवीतील मातीचा खरा उपयोग येथे आहे. तिचे उत्तर फक्त परवानाधारकाच्या तिजोरीत जाऊन चालणार नाही. कोणत्या विहिरीच्या पाण्यात सोमल आहे आणि कोठला खडक घराच्या अंगणात दळू नये, हे त्याच्या कोष्टकांत लिहिलेले असते. खाण होवो अथवा न होवो, परवान्याची मुदत संपेल तेव्हा छिद्रे बुजवलेली आणि चर भरून काढलेले असावेत, आणि त्या गावाला आपल्या पायाखालच्या भूमीविषयी पूर्वीपेक्षा अधिक कळलेले असावे. पुढच्या पावसात त्याच शेतात बाजरी उगवायची असते.