मागची रांग
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधण्यात आमचं आयुष्य गेलं. शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काही वाचलं ते पाळीवरून आल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तके घेऊन. गेली बारा वर्षे इथली संध्याकाळची अभ्यासिका आम्ही सांभाळतो, म्हणून समितीने सांगितलं की मुलांच्या शिक्षणावर दोन शब्द बोला. बोलतो, पण सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

चार वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा अभ्यासिकेत यायचा. बोलायला चुणचुणीत. चवदार तळ्याची हकीकत एकदा सांगितली, तर २० मार्च १९२७ या तारखेसकट त्याने ती परत सांगितली. पण वही उघडली की चार ओळी धड लिहिता येत नसत. 'भ'चा 'म' व्हायचा, 'घ'चा 'ध'. एक दिवस आम्ही चिडलो आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेलो, "ढ तो ढच राहणार तू! जा, मागं बस." पोरं हसली. तो मागं जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

आठवड्याने त्याची आई नळावर भेटली. बाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, शाळेत पण त्याला मागंच बसवतात. विहारात तरी पुढं बसवाल असं वाटलं होतं."

बंधू-भगिनींनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या वर्गात त्यांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागलं, हे आम्ही दरवर्षी गहिवरून सांगतो. त्या दुःखाची बरोबरी कशाशीच होणार नाही. पण आपल्याच अभ्यासिकेत आपण लेकराला वेगळं बसवलं, तर ते सांगण्याचा अधिकार आम्हाला राहतो का?

मग चूळपंथकाची कथा आठवली. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खू, म्हणाला, "संघातून निघून जा." तो रडत निघाला असता तथागत त्याला भेटले. त्यांनी त्याच्या हातात स्वच्छ पांढरं वस्त्र दिलं आणि सांगितलं, 'रजोहरणं' म्हणत हे चोळत बस. चोळता चोळता वस्त्र मळलं, आणि अनित्यता म्हणजे काय ते त्याला उमगलं. पुढे तो अर्हत झाला. ध्यानात घ्या, तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवायची वाट बदलली.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याला म्हणालो, "बाळा, चुकलं आमचं." वस्तीतल्या एका निवृत्त बाईंच्या सल्ल्याने त्याची तपासणी केली. डॉक्टरांनी सांगितलं, ही अध्ययन अक्षमता आहे. बुद्धीत काही कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती नोंदलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. आपल्या किती आयाबापांना हे ठाऊक आहे?

तेव्हापासून अभ्यासिकेत 'ढ' हे फक्त अक्षर आहे, कुणाचं नाव नाही. रांगा दर आठवड्याला बदलतात. ज्याला लिहिता येत नाही तो आधी तोंडी उत्तर देतो. लहानांना रव्यात बोटाने अक्षरं गिरवायला देतो, पाढे चिंचोक्यांवर मांडतो. ज्याच्या घरी हिंदी बोलतात त्याला आधी हिंदीतून समजावतो. एक मुलगी स्वयंपाक उरकून उशिरा येते. तिला 'उशीर का' म्हणून विचारायचं नाही, तिची मैत्रीण तिच्यासाठी गणितं उतरवून ठेवते. आणि ज्याला आलं त्याने शेजाऱ्याला शिकवायचं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला मनाई केली आहे. तो कायदा शाळेसाठी आहे, पण घरात आणि विहारात तो पाळला तर कोण अडवतं आपल्याला? "शेजारच्या पोराला बघ, तू बघ," हे वाक्य आजपासून बंद करा.

गिरणीत धागा तुटला की आम्ही धाग्याला शिव्या देत नाही. खात्यातली हवा कोरडी पडली का, कापूस कच्चा आहे का, साच्यात दोष आहे का, ते बघतो. आणि हलक्या हाताने टोक सांधतो. बॉबिन फेकून देत नाही. लेकरू तर आपल्या काळजाचा धागा आहे!

तो मुलगा आज नववीत आहे. अक्षरं अजून चुकतात, पण अभ्यासिका एक दिवस चुकत नाही. तो इथंच बसलेला आहे. कोणता, ते विचारू नका.

शेवटी एकच मागणं. मुलं वाढली, शिकवणारे हात कमी पडतात. शिकलेल्या तरुण-तरुणींनी आठवड्यातला एक तास विहाराला द्यावा. ते म्हणतील, आम्हाला शिकवता येत नाही. आम्हालाही येत नव्हतं. मुलांनीच आम्हाला शिकवलं.

 जय भीम! नमो बुद्धाय!