पाठीचे दुखणे आणि मनातील भीती
(सुवर्ण महोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही स्वतःची एक चूक सांगण्यासाठी आपणासमोर उभा आहे.

आमच्या पेढीवरील एका जुन्या सहकाऱ्यांची पाठ दुखू लागली. तागे उचलण्याचे काम, म्हणून मी मलमाची डबी देऊन विश्रांती घेण्यास सांगितले. क्ष-किरण तपासणीत काही आढळले नाही. तीन महिन्यांनी त्यांचे पाय लटपटू लागले, तेव्हा रडत त्यांनी आपणास एचआयव्ही असल्याचे सांगितले. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी ते डॉक्टरांपासूनही लपविले होते. त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहे.

त्याच दिवशी एमआरआय झाला. मणक्याचा क्षयरोग आणि मज्जारज्जूवर पुवाचा दाब स्पष्ट दिसला.

डॉक्टरांनी समजावले, की मणक्याचे हाड बरेच झिजल्यावरच क्ष-किरण चित्रात दोष उमटतो. चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरींवर चालणारा एमआरआय मात्र हाडातील सूज, चकती, पू आणि मज्जारज्जू पुष्कळ आधी दाखवितो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णास क्षयाप्रमाणेच अन्य जंतुसंसर्ग किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोगही मणक्यात होऊ शकतो. प्रत्येकाचा उपचार निराळा. म्हणून चित्रानंतर बहुधा नमुना काढून निदान पक्के करावे लागते. उलटपक्षी, एचआयव्हीमुळे मज्जारज्जूस होणाऱ्या एका विकारात एमआरआय निर्दोषही येतो. तेव्हा रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व व पाठीतील पाणी तपासावे लागते. शरीरात पेसमेकर वा धातू असल्यास ते तपासणीपूर्वी अवश्य सांगावे.

पाठदुखीसोबत पायात अशक्तपणा, बधिरता किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही जाणवल्यास एक दिवसही दवडू नये.

शासकीय केंद्रांत एचआयव्हीची औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून, केवळ या कारणास्तव नोकरी किंवा उपचार नाकारण्यास त्याने मनाई केली आहे. पण ही माहिती त्यांना माझ्याकडून कधीच मिळाली नव्हती.

दीर्घ उपचारानंतर ते आज काठीशिवाय चालतात आणि गादीवर बसून हिशेब पाहतात. वरची घडी पाहून ताग्याची पारख करू नये, हे मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो. माणसाच्या बाबतीत मात्र विसरलो. आपल्या दुकानात, घरात कोणी असे मूकपणे सोसत असेल, तर त्यास निर्भयपणे बोलता यावे, एवढीच नम्र विनंती.