होम्सची ड्रॅक्युलाशी गाठ



शेरलॉक होम्सची ड्रॅक्युलाशी गाठ पडली तर जिंकेल कोण? १९७८ साली लॉरेन एस्टलमन या अमेरिकन कादंबरीकाराने ही झुंज लावूनही दिली. मला मात्र ती जुळत नाही. आणि प्रश्न बळाचा नाही.

होम्सपुढे रक्तपिपासूची तक्रार त्याच्या जनकानेच, कॉनन डॉइलने, १९२४ च्या एका कथेत आणली होती. ससेक्समधल्या एका घरात आई आपल्या तान्ह्याच्या मानेतून रक्त शोषताना दिसते. घर हादरते. होम्सची नजर जाते ती मागच्या पायांनी लुळ्या पडलेल्या कुत्र्याकडे! विषाची परीक्षा आधी त्याच्यावर झालेली. मत्सराने पेटलेल्या सावत्र भावाने बाळाला विषारी टोक टोचले होते आणि ती माउली विष शोषून काढीत होती. अशा जगात ड्रॅक्युला खरा ठरला, तर होम्स वाचेल. पण होम्स उरणार नाही.

आता स्टोकरची १८९७ ची मूळ कादंबरी पाहा. आपल्या लक्षात राहतो तो लसूण आणि क्रूस. पण सर्वांच्या रोजनिशा टंकलिखित करून तारखा जुळवते मीना. आगगाड्यांची वेळापत्रके तिला मुखोद्गत! सरदार कोणत्या नदीने पळतो आहे, हेही तीच ताडते. शेवटी पुरुषमंडळी कुकरी आणि सुरा चालवतात, इतकेच.

ही सारी होम्सचीच हत्यारे की हो! मग त्याला ट्रान्सिल्व्हेनियाला कशाला धाडायचे? मीनाबाईंनाच बेकर स्ट्रीटवर एक खुर्ची द्यावी. वॉटसनसाहेब थोडे सरकून बसतील.