कारखान्याला जागा मिळाली, कामगाराला?

(चऱ्होली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



औद्योगिक प्रगतीचा हिशेब मांडताना आपण गुंतवणूक, उत्पादन आणि निर्यात या तीन शब्दांपाशी थांबतो. या तिन्ही गोष्टी ज्याच्या हातांवर उभ्या आहेत, तो माणूस पाळी संपल्यावर कोठे जातो, कोठे निजतो, त्याची बायकामुले कोठे राहतात, हा प्रश्न मात्र हिशेबाच्या वहीत येत नाही. आज मला त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे आणि तो चऱ्होलीत बोलणे अगत्याचे आहे. कारण आपले हे गाव एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण आणि इंद्रायणीपलीकडे मरकळ अशा कारखानदारीच्या मधोमध वसले आहे.

इतिहास फार जुना नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. त्याआधी, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखाना आणि वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यांनी मानलेच नाही. कारखाना काढायचा म्हणजे गाव वसवायचे, ही दृष्टी आपल्याच मातीतील आहे, ती कोठून उसनी आणण्याची गरज नाही.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्याचे रूप पालटले. टेल्को आली, बजाज आली, त्यांच्यामागे शेकडो लहान कारखाने आले. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निर्माण झाले. हेतू उदात्त होता. शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी संपादित झाल्या. भूखंड पडले, रस्ते झाले, उत्तम वसाहती उभ्या राहिल्या. परंतु भूखंडाच्या आणि घराच्या किमती वाढत गेल्या, तसतसा साधा कामगार त्या वसाहतींच्या कुंपणाबाहेर राहिला. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांच्या दोन-दोन पिढ्या साडेबारा टक्के परताव्यासाठी झगडत राहिल्या. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात विभागले गेले. ज्या कारणासाठी त्याचा जन्म झाला होता, ते कारण मात्र विसर्जित झालेले नाही.

२००१ साली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, २०११ च्या जनगणनेत ती १७ लाखांवर गेली. त्याच सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे कारखाने सुरू झाले. लातूर, बीड, नांदेड, परभणीतून, विदर्भ-खानदेशातून तरुण आले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही आले. पूर्वीच्या कामगाराला कायम नोकरी होती, तिच्या भरवशावर बँक कर्ज देई आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचे घर होई. आज येणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांची नेमणूक ठेकेदाराकडे, काही महिन्यांची. त्याला कर्ज कोण देणार? मग एका खोलीत सहा-आठ जण, पत्र्याचे छप्पर, सामाईक शौचालय. कॉट बेसिसवर घेतलेल्या खाटेवर दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा येऊन पडतो.

हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी भोसरीत मजुरांच्या वसाहतीतील पाण्याची टाकी कोसळून ५ जणांचा जीव गेला. हे सर्व आपली घरे बांधायला, आपले कारखाने चालवायला आलेले लोक होते. कोणत्याही दुर्घटनेनंतर चौकशी होते, भरपाई जाहीर होते. पण मुळात माणसे त्या भिंतीखाली, त्या टाकीजवळ का राहत होती, हे कोण विचारतो?

येथे कोणी म्हणेल की दोष गावातल्या खोलीमालकांचा. मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते. ज्याची शेती गेली, ज्याच्या मुलाला कारखान्यात कायम नोकरी मिळाली नाही, त्याने उरलेल्या दोन गुंठ्यांवर दहा खोल्या बांधल्या. तेच त्याचे पीक आणि तेच निवृत्तिवेतन. शासनाने आणि उद्योगांनी न केलेले काम वेडेवाकडे का होईना, त्याने केले आहे. परंतु म्हणून त्याचे कर्तव्य संपत नाही. भाडे घेतले की आपण कोणाच्या तरी कुटुंबाचे आश्रयदाते होतो, ही जाणीव हवी.

शासन काहीच करत नाही, असेही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत महापालिकेने याच चऱ्होलीत १,४४२ घरांचा प्रकल्प घेतला. बोऱ्हाडेवाडीत १,२८८ घरांचा आणि रावेतला ९३४ घरांचा प्रकल्प ठरला. २०२१ साली सोडत निघाली. ज्यांना चावी मिळाली, त्यांच्या आयुष्याचे सोने झाले. परंतु लाखोंच्या शहरात ही संख्या किती पुरणार? शिवाय ही घरे मालकीची आहेत. काल गावाहून आलेल्या, पाच वर्षे येथे राहून पुढे जाऊ पाहणाऱ्या तरुणाला मालकीचे घर नको असते, त्याला परवडणारे, स्वच्छ, भाड्याचे घर हवे असते. २०२० च्या टाळेबंदीत माणसे पायी गावी निघाली, ती रोजगार थांबला म्हणून आणि डोक्यावरचे भाड्याचे छप्परही टिकेना म्हणून. त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणली. दिशा योग्य आहे, पण आपल्या औद्योगिक पट्ट्यात तिचे दृश्य रूप अजून हवे तसे दिसत नाही.

मग करायचे काय? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, लेखी करार. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो कागद म्हणजे कामगाराचा पत्ता. त्याच्याशिवाय गॅस, बँक, मुलाची शाळा सगळे अडते. मालकालाही तो कागदच संरक्षण देतो.

दुसरी, जो उद्योग शेकडो एकर जमीन घेतो, त्याच्याकडून कामगार-निवासाचा हिस्सा आरंभीच ठरवून घ्यावा. यंत्राला छप्पर लागते तसे यंत्र चालवणाऱ्यालाही लागते. यामुळे उद्योग पळून जातील, अशी भीती घातली जाते. मुक्कामाला जागा नाही म्हणून दर सहा महिन्यांनी माणूस बदलावा लागतो, त्याचा खर्च मग कोण मोजणार?

तिसरी, गुंठ्यावर घर घेणाऱ्याने नदीची पूररेषा पाहावी. २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले. बंगलेवाल्यांची ही गत, तर आयुष्याची पुंजी घालून अर्धा गुंठा घेणाऱ्या कामगाराची काय होईल? विक्री होताना गप्प राहायचे आणि बांधून झाल्यावर पाडायचे, ही रीत प्रशासनानेही सोडली पाहिजे.

चौथी गोष्ट समाजाने करायची आहे. शेजारच्या आळंदीत पाहा. वारकऱ्यांना उतरायला जागा हवी म्हणून निरनिराळ्या गावांनी, समाजांनी धर्मशाळा बांधल्या. त्यासाठी कोणी शासनाच्या निविदेची वाट पाहिली नाही. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी आपण हे करू शकतो, तर चार वर्षे आपल्यात राहून घाम गाळणाऱ्यासाठी एखादे वसतिगृह का उभारू शकत नाही? विशेषतः कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींसाठी तर याची निकड अधिक आहे. आपली लेक परगावी कोठे राहते, या काळजीने रात्र जागणारे आईबाप मराठवाड्याच्या कितीतरी गावांत आहेत.

मित्रहो, ज्याला घर नाही तो शेजारी होऊ शकत नाही. त्याचे नाव मतदारयादीत नसते, त्याची मुले गावच्या शाळेत नसतात, गावच्या सणात तो कडेला उभा असतो. अशी माणसे एका ठिकाणी जमतात त्याला गर्दी म्हणतात, समाज म्हणत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत चऱ्होलीत इमारती आणखी उंच होतील, याविषयी मला शंका नाही. त्यांच्या सावलीत गर्दी राहील की समाज, हे मात्र आपण ठरवायचे आहे. आपल्या गल्लीतील भाडेकरूंपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, एवढे आज घरी गेल्यावर प्रत्येकाने मोजून पाहावे. कामाचा आरंभ तेथूनच होईल.