पेशीच्या पटलावरील खळगे



पेशीचे पटल म्हणजे गुळगुळीत भिंत नव्हे. त्यावर सतत सूक्ष्म खळगे पडत असतात. क्लॅथ्रिन नावाचे प्रथिन आतल्या बाजूने पंचकोनी-षट्कोनी जाळी विणते, खळगा खोल होतो. मग डायनॅमिन हे दुसरे प्रथिन त्याचा गळा आवळते आणि पिशवी सुटून आत जाते. हे सारे मिनिटा-दोन मिनिटांत!

रक्तातील एल.डी.एल. कोलेस्टेरॉल याच वाटेने पेशीत शिरते. ग्राहके त्याचे कण पकडून आत नेतात व पुन्हा पटलावर परततात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना या शोधांबद्दल १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या एका रुग्णाची ग्राहके कण पकडत, पण खळग्यांत जमतच नसत.

काही घराण्यांत हा दोष जन्मजात असतो. आई-वडिलांपैकी एकात असला, तरी प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी. "त्यांच्या घराण्यातच आहे" म्हणून आपण गप्प बसतो, हे बरे नव्हे. ज्या घरात चाळिशीच्या आसपास कोणी हृदयविकाराने गेले, तेथील मुलांचे रक्त तपासून घ्या. मूल सडपातळ आहे यावर विसंबू नका. औषधे आहेत, स्टॅटिनमुळे यकृताच्या पेशी ग्राहके वाढवतात.