गाडी नंतर, आधी कर्ज



राजगडाच्या पाली दरवाजाला ज्या गावाचे नाव मिळाले, त्या वेल्ह्याकडच्या पाली गावी एखाद्या घरात आज गाडीचा विचार चालला असेल. रात्री-अपरात्री दुखणे उपटले, तर नसरापूर नाहीतर पुणे गाठायचे. गाडी हवी, यात चूक काहीच नाही. चूक होते ती क्रमात. आधी शोरूम, मग रंगाची पसंती, पोरे आत बसून पाहतात, आणि शेवटी आपण विचारतो, "कर्जाचं कसं?" मन गुंतलेला माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

म्हणून आधी बँकेत जा. दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. "व्याज ९ टक्के" एवढे ऐकून उठू नका. ९ टक्के कशावर, ते विचारा. समजा, ५ लाख रुपये ५ वर्षांसाठी घेतले. घटत्या बाकीवर व्याज असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,३८० रुपये, आणि एकूण व्याज १ लाख २३ हजारांच्या आत. तेच ९ टक्के 'फ्लॅट' असतील, तर फिटलेल्या रकमेवरही व्याज चालूच राहते. हप्ता १२,०८३ आणि व्याज २ लाख २५ हजार! दर तोच, फरक लाखाचा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाआधी सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे पत्रक, 'की फॅक्ट स्टेटमेंट', द्यावे लागते, तेही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. ते मागून घ्या. त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. तेवढ्यात घरी बसून वाचा.

आता आपल्या घरचा हिशेब. भाताचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. हप्ता मात्र दर महिन्याला, लावणीची मजुरी द्यायची असते त्या आषाढातही! तेव्हा चार-सहा हप्त्यांची रक्कम बाजूला असल्यावाचून पुढे जाऊ नका. इंधन, विमा, दुरुस्ती वेगळीच. पीककर्जाच्या पैशाला तर हात लावूच नका.

कर्ज फिटले, की बँकेचा दाखला घेऊन गाडीच्या आर. सी.वरचा बोजा उतरवून घ्या, सातबाऱ्यावरचा उतरवतो तसाच.

बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. कर्जही तसेच पारखून घ्यावे. मग गाडी खुशाल दारात आणावी.